पहिली तार कोणती

अहमदपूर मागं पडलं आणि गाडीनं पहिली उचकी दिली. मी रेडिओ बंद केला आणि शेजारी बसलेल्या नणंदेला म्हटलं, "गप."

"मी कुठं बोलून राहिले?"

"मग श्वास हळू घे."

चाकूर येईपर्यंत उचक्यांची रांग लागली. चढ आला की गाडी थरथरायची, उतार लागला की शहाण्यासारखी वागायची. लातुरात शिरून सिग्नलला उभी राहिले तर सगळी गाडी अशी हलत होती, की शेजारच्या ऑटोवाल्यानं वाकून आत बघितलं. त्याला वाटलं असेल, म्हातारीला हिंवताप भरलाय.

याला आमच्याकडे गाडी मिसिंग मारणे म्हणतात. माझ्या छोट्या गाडीच्या इंजिनात तीन खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत आळीपाळीनं पेट्रोलची वाफ दाबली जाते, वर बसवलेल्या प्लगमधून ठिणगी पडते, भडका उडतो आणि गाडीला धक्का मिळतो. एका खोलीत ठिणगी पडली नाही की तेवढा धक्का चुकतो. ओझं तिघांचं असतं, दोघं वाहतात, आणि तिसरा नुसता पाय घासत बरोबर चालतो. हे मला अब्बांनी सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अब्बा नांदेडला मोटार मिस्तरी होते. स्टेशनच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं आणि शाळा सुटली की माझा मुक्काम तिथं. आज त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात.

उचकी लागली तो दिवस शनिवार. गुरुवारी गाडीचं पासिंग होतं. गाडी इतकी जुनी, की आता तिची तपासणी होऊन पुन्हा नोंदणी झाली तरच तिला आणखी पाच वर्षं रस्त्यावर राहता येणार होतं. नाहीतर भंगार. धूर जास्त सोडला, इंजिन नीट चाललं नाही, तर आरटीओचे साहेब नापास करणार हे उघड होतं.

मुलगा आनंदलाच. तो माझ्यावर जीव टाकतो, म्हणून माझी गाडी त्याला नको असते.

"अम्मी, बरंच झालं. आता सोडून द्या. या वयात एवढं लांब गाडी घेऊन जायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"आपाखालाशी व्हिडिओ कॉलवर बोलत जा."

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. नांदेडला असते. दोन वर्षांपूर्वी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर. तिची सून तिचं सगळं करते, अगदी मनापासून करते; पण नखं कापायला आपा तिला हात देत नाही. म्हणते, हिचा हात थंड आहे. म्हणून दर पंधरवड्याच्या शनिवारी मी जाते. तिची नखं कापते, केस विंचरते, पायांना तेल लावते, तासभर भांडते आणि परत येते. एस.टी.च्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी केव्हाच नामंजूर केल्यात. मुलाला सवड नसते. गाडी गेली तर आपा गेली. व्हिडिओ कॉलवर नखं कापता येत नाहीत.

सोमवारी सकाळी गाडी चौकातल्या मिस्तरीकडे नेली. त्यानं बोनेटसुद्धा उचललं नाही. कानात हेडफोन, हातात चहा.

"काकू, या गाडीला आता कोण हात लावतंय? इंजिन उतरवावं लागंल. आठ दिवस ठिवून जावा."

"गुरुवारी पासिंग आहे."

"मग न्हाई व्हायचं."

घरी आले. चहा ठेवला, प्याले नाही. गच्चीवर गेले, कशाला गेले आठवेना, खाली आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. नणंद दारात बसून भाजी निवडत होती. ती माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असते, आणि माझ्या चेहऱ्यावरून माझ्या डोक्यात काय चाललंय ते तिला कळतं. हा तिचा मोठा दुर्गुण आहे.

"भाबी, नक्को."

"काय नको?"

"तुमी जे ठरवून राहिल्या ना, ते. बिलोली आठवा."

बिलोली! पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली, पण या घरात मी पान्हा हातात घेतला की बिलोलीचं नाव निघतं. तर ते एकदा सांगूनच टाकते. माझीच फजिती आहे, दुसऱ्या कुणी सांगितलं तर मीठमसाला कमी पडायचा.

लग्न होऊन मला तीन महिने झाले होते. त्या वेळची मी म्हणजे मॅट्रिक पास, सेकंड क्लास. गर्व मात्र फर्स्ट क्लास. नांदेडसारख्या शहरातून लातुरात आले म्हणजे मी इथल्या लोकांवर मेहेरबानी केली, अशी माझी समजूत. सासरच्या नात्यातला निकाह होता बिलोलीला. भाड्याची जीप ठरवली. आत बाया, मागं पुरुष, मधे हंडे. बिलोली आठ-दहा किलोमीटरवर राहिली आणि जीप मिसिंग मारायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "चालंल तसंच, हळूहळू जाऊ," आणि टपरीवर चहाला गेला.

चाललं असतं तसंच. हे मला आज कळतं. पण ती शहाणी तिथं होती ना! अंगावर जरीचा लाल दुपट्टा, हातावर मेंदी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि तोंडात काय, तर "थांबा, मला येतं."

अब्बांनी मला चार खोल्यांच्या इंजिनाचा पाढा शिकवला होता: एक, तीन, चार, दोन. ठिणगी ओळीनं पडत नाही. पहिल्या खोलीत पडते, मग तिसऱ्या, मग चौथ्या, मग दुसऱ्या. करंट वाटणारी एक टोपी असते, तिच्यातून चार तारा निघतात आणि त्याच क्रमानं चार प्लगांवर बसतात. तारा पुसायच्या असल्या तर एक काढायची, पुसायची, परत लावायची, मग दुसरी. मी काय केलं? सगळ्या बाया बघतायत म्हटल्यावर चारही तारा एकदम उपटल्या. दुपट्ट्याच्या टोकानं झटकून पुसल्या. मग डावीकडून एक-दोन-तीन-चार मोजलं, मोठ्यानं पाढा म्हटला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि तारा बसवल्या. ड्रायव्हरला हाक मारली. म्हटलं, "मार चावी."

असा बार झाला, की टपरीवरचे लोक पळाले. पेट्रोल भलत्या वेळी पेटून सायलेन्सरमधून बाहेर आलं. माझ्या सासूबाई नेमक्या मागं उभ्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर काजळीचा ठिपका पडला आणि तोंडातला विडा त्यांनी गिळला. दुसऱ्यांदा चावी मारली, दुसरा बार. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनंच हात जोडले. आता जीप मिसिंगसुद्धा मारेना, चालूच होईना. शेवटी सगळं वऱ्हाड हंडे डोक्यावर घेऊन एस.टी.नं गेलं. पोचलो तेव्हा निकाह पढून झाला होता, खजूर वाटून झाले होते, आणि वधूची आई आमच्याकडे बघत नव्हती.

सासूबाई येताना वाटेत एकच वाक्य बोलल्या. "मिस्तरीची पोरगी आणली, मिस्तरी आणायचा राहिला."

आणि ही माझी नणंद, तेव्हा बारा वर्षांची, तिनं त्याच रात्री मला "फटाका भाबी" म्हणायला सुरुवात केली. अजून थकलेली नाही.

तर सोमवारी, "बिलोली आठवा" ऐकल्यावर मी म्हटलं, "आठवते. ऊठ आणि हातात लाकडी चिमटा घे."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

मिसिंग कुठल्या खोलीत आहे ते शोधायची अब्बांची रीत साधी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेक प्लगची तार काढून बघायची. तार काढल्यावर इंजिन रडलं, अडखळलं, तर ती खोली जिवंत. ती काम करत होती म्हणून तिची उणीव भासली. तार काढली आणि इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर तीच मेलेली. अब्बा हात पुसत म्हणायचे, "जिच्या जाण्यानं कुणाला काही वाटलं नाही, तिलाच खोलून बघ."

हा फरक इंजिनाजवळ कमी आणि मागं सायलेन्सरपाशी जास्त कळतो. म्हणून मी मागं उकिडवी बसले, गुडघ्यांना शिव्या दिल्या, आणि धुराच्या तोंडासमोर तळहात धरला. नणंद पुढं उभी. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे, त्यावर लाकडी चिमटा, नाकाला ओढणी. ऑपरेशनला निघाल्यासारखी.

"पहिली काढ!"

इंजिन अडखळलं. हाताला लागणारी हवा तुटली.

"लाव! दुसरी काढ!"

पुन्हा अडखळलं.

"लाव! तिसरी!"

काही नाही. होती तशीच उचकी, होता तसाच धूर.

"सापडली!" मी ओरडले. उठायला दोन मिनिटं लागली, पण ओरडणं आधी झालं. गाडी बंद केली, पुढं गेले आणि तिसऱ्या खोलीचा प्लग पान्ह्यानं खोलला. बघते तर प्लग चांगला. टोकाचा रंग खरपूस भाजलेल्या बिस्किटासारखा, म्हणजे जसा असायला हवा तसा. तरी म्हटलं, दिसायला चांगला असेल, आतून गेला असेल. माणसं नसतात का? दुकानात जाऊन तीन नवे प्लग आणले. प्लगाच्या टोकाशी असलेली फट करवतीच्या पात्याच्या जाडीइतकी हवी, हेही अब्बांचंच, ती बघितली. नवा प्लग बसवला. चावी मारली.

उचकी. थरथर. सगळं जागच्या जागी.

मंगळवार असा गेला, की मी दर तासाला तिसऱ्या खोलीचं काहीतरी खोलून परत बसवत होते. तार उलटसुलट केली. प्लग काढला, घातला. मुलगा ऑफिसातून आला, माझे काळे हात बघून आत गेला. जेवताना म्हणाला, "शनिवारी मी सुट्टी बघतो. या महिन्यात जमलं तर." त्यातलं 'जमलं तर' ऐकून मी ताट उचललं.

बुधवारी सकाळी मी नणंदेवरच घसरले.

"तू नीट काढलीच नसशील तार."

"क्या भाबी! ही अशी काढली. चिमट्यानं."

"तिसरी काढलीस?"

"तिसरीच काढली."

"मग तिसरी मेलेली आहे तर नव्या प्लगनं जिवंत का होत नाही? दाखव मला, कशी काढलीस."

तिनं चिमटा घेतला, वाकली आणि अगदी डावीकडची तार धरली.

मी म्हटलं, "ही पहिली आहे."

"ही तिसरी आहे."

"अगं, एक, दोन, तीन." मी डावीकडून बोट फिरवलं.

"एक, दोन, तीन." तिनं उजवीकडून फिरवलं. "तुमची पहिली कुठून निघाली तिकडून? सुरुवात उजवीकडून नसती होत?"

ती उर्दू शाळेत शिकलेली. पान उजवीकडून उघडायचं, ओळ उजवीकडून सुरू व्हायची. पंगत वाढायला घेतली तरी हात आधी उजवीकडे जाणार. तिच्या दृष्टीनं डावीकडून मोजणारी मीच येडी.

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

अब्बाही उर्दूतच शिकले होते. निजामाच्या वेळची शाळा. मराठी बोलायचे झकास, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं; दुकानाची मराठी पाटीसुद्धा दुसऱ्याकडून रंगवून घेतलेली. आपाला त्यांनी उर्दू शाळेत घातलं. माझ्या वेळी घराजवळ मराठी शाळा निघाली होती म्हणून मला तिथं. मी त्यांच्या समोर बसून पाढा पाठ करायची, एक-तीन-चार-दोन, आणि तारा त्यांच्या हातात द्यायची. बसवायचे ते. त्यांची पहिली उजवीकडची, माझी पहिली डावीकडची, आणि इतकी वर्षं शेजारी बसून दोघांनी एकदाही बोट ठेवून विचारलं नाही, की पहिली कोणती. त्यांचा पाढा बरोबर होता. माझा पाढाही बरोबर होता. बिलोलीच्या रस्त्यावर फक्त टोक चुकलं, आणि ज्या ठिणगीनं पहिल्या खोलीत पडायचं ती जाऊन चौथीत पडली.

"भाबी? काय झालं? रडून राहिल्या का?"

"धूर गेला डोळ्यात."

"गाडी तर बंद आहे."

मी डावीकडचा प्लग खोलला. काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. टोकाची धार झिजून गोल झालेली, फट एवढी की त्यातून मुंगी गेली असती. तिथं नवा बसवला. गाडी चालू केली, आणि खरंच, थरथर निम्म्यानं गेली. पण पाय दाबला की मधेच एखादी उचकी येतच होती. म्हणजे प्लग एकटा दोषी नव्हता. तारेतून करंट गळत होता.

तार कुठं गळते ते उजेडात दिसत नाही. अंधार लागतो, आणि अंधारापर्यंत थांबायला मला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पासिंग. अब्बा अशा वेळी अम्मीचा जुना बुरखा बोनेटवर टाकून आत डोकं घालायचे. अम्मी भडकायची. "सारा मोहल्ला देखता है, मेरे बुरखे में मिस्तरी घुसा!" मी नणंदेकडे बघितलं.

"नक्को," ती म्हणाली. "माझा चांगला आहे."

"जुना कुठंय?"

"त्याच्यात सोयाबीन बांधून ठेवलंय."

सोयाबीन घमेल्यात ओतलं. काळा बुरखा झटकून दोघींच्या डोक्यांवरून बोनेटवर ओढला. पट्टा फिरतो त्या बाजूचं कापड तिनं मुठीत आवळून धरलं आणि अल्लाचं नाव घेतलं. भर दुपारी बारा वाजता, लातूरच्या गल्लीत, दोन म्हाताऱ्या एका बुरख्यात. बाहेर कुणाची तरी सायकल थांबल्याचा आवाज आला आणि ती बराच वेळ पुढं गेली नाही.

आधी काही दिसेना. मग डोळे बसले. डावीकडच्या तारेच्या मधोमध, जिऱ्याएवढी, निळी ठिणगी. तारेतून निसटून खाली लोखंडाला चावत होती. टिक. टिक. टिक.

"हाय अल्ला," नणंद कुजबुजली. "किती सुंदर आहे."

"सुंदर नाही. हीच चोरटी आहे."

पण होती सुंदर. आणि त्या गरम, पेट्रोलचा अन् सोयाबीनचा वास मारणाऱ्या अंधारात मला दुसरंच काही आठवलं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. बिलोलीनंतर मी रुसून नांदेडला गेले होते. मनात शहाणपण असं, की मी म्हणजे या घराची तार. मला काढली की कळेल कसं अडखळतं. आठ दिवस राहिले. सासरी एक भांडंसुद्धा अडखळलं नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंचा निरोप आला तो एवढाच, की येताना तिकडची हिंगाची डबी आण. अब्बांच्या नियमानं मलाच खोलून बघायला हवं होतं.

त्या आठ दिवसांत एकदा अब्बा दुकानात निघताना म्हणाले, "चल गं, एक गाडी मिसिंग मारून राहिली. मला एवढ्यात कानानं कळत न्हाई." आणि मी, एवढी मोठी झालेली, नखांकडे बघत म्हणाले, "लातूरच्या बायका असलं काम करत नाहीत."

त्यांनी परत कधी बोलावलं नाही. मी पुढं कैक वर्षं मनात धरून बसले, की अब्बांनी मला चुकीचं शिकवलं आणि चारचौघांत माझी फजिती केली. विचारलं असतं तर त्यांनी एक बोट ठेवून दाखवलं असतं. पण विचारणार कोण? फर्स्ट क्लास गर्व!

"भाबी, आता काढा की बुरखा. माझं डोकं शिजून राहिलं."

तारांच्या नव्या जोडीसाठी मी तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला, या गाडीच्या तारा आता येत नाहीत. दुसरा म्हणाला, उद्या संध्याकाळी. तिसऱ्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं एक खोकं निघालं. घरी आल्या आल्या माझे हात तिन्ही तारा एकदम उपटायला पुढं झाले. खरं सांगते, वय वाढलं तरी हात तेच आहेत. नणंदेनं चिमटा माझ्या मनगटावर मारला.

"एकेक! फटाका, एकेक!"

एक काढली, तिच्या जागी नवी. मग दुसरी. मग तिसरी. कुठून मोजलं ते विचारू नका. एकेक केलं तर मोजावंच लागत नाही. उरलेल्या एका खोलीतही नवा प्लग घातला. चावी मारली. मी बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं, पण सांडलं नाही.

गुरुवारी पासिंगच्या मैदानात मुलगा बरोबर आला. चेहऱ्यावर सांत्वनाची तयारी होती. साहेबांनी बोनेट उघडायला लावलं, सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्यावरचा आकडा बघितला, परत इंजिनाकडे बघितलं.

"चांगलं चालतंय. मिस्तरी कोण?"

"फटाका," मागच्या सीटवरून नणंद म्हणाली.

साहेबांना ते दुकानाचं नाव वाटलं असावं. "काकू, पाच वर्षांनी या," म्हणाले. मुलानं माझ्याकडे बघितलं, मी गाडीकडे. परतताना त्यानं चावी मागितली नाही.

पंधरवडा पुरा व्हायची वाट कोण बघतो? दोन दिवसांनी, शनिवारीच आम्ही दोघी निघालो. चाकूर आलं, अहमदपूर आलं, गेलं. उचकी नाही. लोह्यापर्यंत मी रेडिओ लावला नाही. न येणारी उचकी ऐकून ऐकून माझे कान दुखायला लागले.

आपा उशीला टेकून बसली होती. नेलकटर काढायच्या आधी मी तिला सगळं सांगितलं, बिलोलीपासून बुरख्यापर्यंत. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली,

"अब्बा उजवीकडूनच मोजायचे. सगळ्या गल्लीला ठाऊक."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

"तू त्या वेळी रुसून आली होतीस ना," आपा म्हणाली, "दुकानात नाही म्हणालीस, त्या दिवशी रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, लातूरच्या गाड्यांना बोनेट नसतात का गं?"

"मग?"

"मग काय? हसले. भाकरी खाल्ली."

मी तिचा जवळचा हात ओढला. तो डावा होता. तिनं काढून घेतला आणि उजवा पुढं केला, पहिलं बोट ताठ करून. मी पाच नखं कापली. शेवटच्या बोटापाशी मला बसवेना. पायांत मुंग्या आल्या, खरंच आल्या की काय कोण जाणे. उठले.

"आता कुठं निघालीस?"

"खिडकी उघडायला सांग. तुला ऐकवते."

खाली गेले. गाडी तिच्या खिडकीखाली लावली, चालू केली, बोनेट उघडलं आणि मान वर करून उभी राहिले. आपा पलंगावर, खालून दिसत नव्हती. ती मिस्तरीचीच मुलगी, तिचा कान माझ्याहून तयार. मी आत बसून थोडा पाय दाबला, सोडला, पुन्हा उतरून वर बघितलं. खिडकी रिकामी. पुन्हा आत बसून दाबला. शेवटी खिडकीत नणंदेचं डोकं आलं.

"आपा म्हणतात, तिन्ही बोलून राहिल्या."

"नीट ऐकलं का तिनं?"

डोकं आत गेलं, परत बाहेर आलं.

"म्हणतात, नीट ऐकलं. अन् म्हणतात, डावा हात तसाच राहिलाय, वर ये."